डब्यावर नाव कुणाचं?

गेल्या वर्षी गणपती गेले आणि आमच्या घरात एक वाद आला. वाद तसा लहानच होता; अडीच इंच रुंद आणि चार इंच लांब. चकलीच्या डब्यावर चिकटवायच्या लेबलाएवढा.

माझी बायको गेली सात-आठ वर्षं शॉमबर्ग आणि आसपासच्या ओळखीच्या घरांना दिवाळीचा फराळ करून देते. सुरुवात मैत्रिणींपासून झाली, मग मैत्रिणींच्या मैत्रिणी, मग मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेली आणि नाव लक्षात न राहिलेली माणसं. इलिनॉय राज्यानं घरी केलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीला २०१२ साली कायद्यानं वाट करून दिली होती, पण ती बरीचशी शेतकरी बाजारापुरती होती. १ जानेवारी २०२२ पासून 'होम-टु-मार्केट' कायदा लागू झाला आणि घरच्या स्वयंपाकघरातला पदार्थ थेट गिऱ्हाइकाला विकणं पुष्कळ सोपं झालं. आरोग्य खात्याकडे नोंदणी करायची, अन्नसुरक्षेची परीक्षा द्यायची आणि डब्यावर लेबल लावायचं. आत काय काय घातलंय, कशाची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि हा उद्योग कोणत्या नावाचा, हे सगळं त्यावर हवं. हिनं परीक्षा दिली, पास झाली आणि एका रविवारी चहा झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसली. नाव काय द्यायचं?

मी म्हटलं, आडनाव घाल. मराठी माणसाला आडनावाची चव माहीत आहे. बेडेकरांचं लोणचं, चितळ्यांची बाकरवडी. मुलीचं म्हणणं, 'आजी' घाला आणि शेजारी नथीचं चित्र काढा, क्यूट दिसेल. हिनं दोन्ही लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि नुसतं माझं नाव घातलं तर?"

"चालेल की," मी म्हणालो. "पण ते जरा घरगुती वाटेल."

"घरगुतीच आहे."

"म्हणजे... छोटं वाटेल."

"आडनावानं मोठं वाटेल? चकल्या पाडणारी मीच. आणि आडनाव तर तुझं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उष्णता-वहनात पीएच.डी. केली आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन्हीकडे एक सवय लागते: उत्तर नसलं की आधी कुणी मोजून ठेवलंय का ते पाहायचं. त्या रात्री मी वाचायला बसलो. मालक पुरुष आहे की बाई, यावरून गिऱ्हाइकाला माल वेगळा वाटतो का? आणि वाटत असेल तर किती?

मोजलेलं सापडलं. तामार क्रिचेली-कॅट्झ आणि ताली रेगेव या इस्रायलच्या दोन संशोधक बायकांनी ईबेच्या लिलावांतले २००९ ते २०१२ या काळातले अमेरिकेतले व्यवहार तपासले. त्यांचा निबंध २०१६ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. वस्तू तीच, नवी कोरी, कारखान्यातून पेटीबंद आलेली. पुरुषानं विकली तर जिथे एक डॉलर मिळतो, तिथे बाईला साधारण ८० सेंट मिळाले. वापरलेल्या वस्तूत फरक फार कमी होता, ९७ सेंट. आता ईबेवर विक्रेता पुरुष की स्त्री असं लिहिलेलं नसतं. पण नावावरून आणि तो आणखी काय काय विकतो त्यावरून लोक ताडतात, आणि निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ताडतात, हेही त्यांनी वेगळं तपासलं. मग एक छोटा प्रयोग केला. अ‍ॅमेझॉनचं १०० डॉलरचं भेटकार्ड. विक्रेत्याचं नाव 'ब्रॅड' असेल तर लोकांनी सरासरी सत्त्याऐंशी डॉलरच्या वर किंमत सांगितली, 'अ‍ॅलिसन' असेल तर त्र्याऐंशीच्या थोडी वर.

भेटकार्डावर मी बराच वेळ अडकलो. साडी नेसवलेली बाहुली बाईनं विकली की पुरुषानं, यात काही फरक असू शकतो असं एक वेळ म्हणता येईल. पण शंभर डॉलरच्या कार्डात शंभर डॉलरच असतात. त्याला ना चव, ना टिकाऊपणा.

दुसरा अभ्यास स्टॅनफर्डचा, २०१९ सालचा. एलिस टॅक, शेली कॉरेल आणि सारा सूल या तिघींचा. त्यांनी दोन पदार्थ निवडले. एक छोट्या भट्टीत गाळलेली बिअर, जी पुरुषांची मानली जाते. आणि दुसरा कपकेक, जो बायकांचा मानला जातो. वर्णन तेच ठेवून फक्त करणाऱ्याचं नाव बदललं. बिअर बाईनं केली म्हटल्यावर लोकांनी तिला कमी लेखलं. कपकेक मात्र पुरुषानं केला म्हणून काही बिघडलं नाही. म्हणजे पुरुष बायकांच्या आळीत शिरला तर त्याला दंड नाही. बाई पुरुषांच्या आळीत शिरली तर आहे. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. बिअरला एखादं बक्षीस मिळालंय असं सांगितलं की बाईच्या बिअरची किंमत पुरुषाच्या बिअरपेक्षा जास्त वर चढते. तिला प्रमाणपत्राचा जास्त उपयोग होतो, कारण त्याच्याकडे ते कुणी मागतच नाही.

आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर संदेश जितका क्षीण, तितका ऐकणाऱ्याच्या मनातला आधीचा अंदाज जास्त बोलतो. डबा उघडेपर्यंत चकली खुसखुशीत आहे की नाही हे कळत नाही. मग माणूस जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो, आणि दिसतं ते नाव. बहुतेक वेळा यात कुणाचा दुष्टपणा नसतो. पण अंदाज हवेतून येत नाहीत. ते कुठून येतात हे शोधायला मला ईबेपर्यंत जायची गरज नव्हती, आपली मराठी पुरेशी होती.

'मालक' या शब्दाचं स्त्रीलिंग काय? मालकीण. आता 'मालकीण' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? वाड्याची, दुकानाची, शेताची स्वतः धनीण असलेली बाई येते, की मालकाची बायको? माझ्या डोळ्यांपुढे मालकाची बायको येते. आमच्या भागातल्या खेड्यांत बाई नवऱ्याचा उल्लेख करताना 'आमचे मालक' म्हणते. 'धनी' म्हणजे मालमत्तेचा स्वामी आणि 'धनी' म्हणजे नवराही. 'कारभारी' म्हणजे कारभार पाहणारा आणि कारभारी म्हणजे घरधनी. 'कारभारीण' मात्र कुठलाच कारभार न पाहता होता येते. 'मास्तरीणबाई', 'डॉक्टरीणबाई' हे शब्दही एके काळी असेच दुटप्पी होते, पण शिकवणाऱ्या बायका आणि बायका डॉक्टर इतक्या झाल्या की शब्दांना हळूहळू अर्थ बदलावा लागला. 'मालकीण' अजून पुरती बदललेली नाही. इंग्रजीत 'ओनर' म्हटलं की तो की ती हे शब्दातून कळत नाही, पण तिथेही ईबेवर वीस सेंट गेलेच. तेव्हा सगळा दोष मराठीवर टाकायला नको.

मी मिरजेचा. लहानपणी आमच्या घराजवळ इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदार अचानक गेले आणि त्यांच्या पत्नी गल्ल्यावर बसायला लागल्या. त्या आधीही मागच्या खोलीत बसून हिशेब लिहायच्या. कुठली वायर किती अँपिअरला चालते हे त्यांना नवऱ्याइतकंच पाठ होतं. तरी माणसं दुकानाच्या पायरीवरून विचारायची, "मालक कधी येतील?" गाव लहान, मालक गेलेत हे सगळ्यांना ठाऊक, तरीही. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. शाळा सुटली की चौदा वर्षांच्या मुलाला गल्ल्याच्या खुर्चीवर बसवायचं आणि आपण शेजारी स्टुलावर बसायचं. गिऱ्हाईक मुलाला विचारायचं, मुलगा आईकडे बघायचा, आई उत्तर सांगायची, मुलगा ते गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक समाधानानं फ्यूज घेऊन जायचं. तो मुलगा माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा होता. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या आईला काय वाटत असेल हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो शॉमबर्गमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

त्याच गल्लीत पापड-लोणची करून विकणाऱ्या दोघी-तिघी होत्या. त्यांना कुणी मालक कुठेत म्हणून विचारलं नाही. पण त्यांना कुणी व्यापारीही म्हणत नसे. 'बिचारी करते काहीतरी, तेवढाच संसाराला हातभार' असं म्हणून आई त्यांच्याकडून पापड घ्यायची आणि शेकड्यामागे दोन पापड वर मागून घ्यायची. इलेक्ट्रिकच्या दुकानात तिनं कधी बल्ब वर मागितलेला मला आठवत नाही.

तेव्हा आळ्या दोन आणि त्रास दोन प्रकारचे. पुरुषांच्या आळीत बाईला आपण मालक आहोत हे पटवावं लागतं. बायकांच्या आळीत ते पटवायची गरज नसते, कारण तिथे हा धंदा आहे हेच कुणी धरत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचं मोठं उदाहरण मुंबईच्या गिरणगावातलं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून खोल्यांत दाटीनं राहायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. खानावळ म्हणजे कुणा बाईचं दहा बाय दहाचं घर. वीस-तीस माणसांचं दोन वेळचं जेवण रांधायचं, पैसे मिळणार पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा आणि सावकाराचं व्याज भरायचं. आशियातला एक मोठा कापड उद्योग या बायकांच्या भाकरीवर चालत होता. पण बँकेच्या लेखी त्या उद्योजक नव्हत्या. दुकान नाही, तारण नाही, पाटी नाही. गोवा मुक्तीच्या लढ्यात आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना त्यांच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक काही बदलला नाही, तोच रांधायचा होता. बदललं एवढंच, की कागदावर ते काम धंदा म्हणून लागलं.

'लिज्जत'ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गिरगावातली गच्ची, १५ मार्च १९५९, सात बायका, ८० रुपये उसने. पण मला यावेळी त्यातले दोन तपशील वेगळे दिसले. पहिला असा, की त्यांनी सुरुवातीपासून ठरवलं, तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. दुसरा त्याहून महत्त्वाचा. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैसे उसने देणारे छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. म्हणजे 'बिचाऱ्या करतात काहीतरी' या दयेच्या गिऱ्हाइकाचा रस्ता त्यांनी दोन्ही बाजूंनी बंद केला. नावही कुणा ताईचं, माईचं नाही. १९६२ साली स्पर्धा घेऊन नाव निवडलं, पाच रुपये बक्षीस दिलं, आणि निवडलं ते चवीचं नाव. पुढे दूरदर्शनवर त्यांची जाहिरात आली तीही नथीतल्या आजीची नव्हती. रामदास पाध्यांचा बोलका ससा होता. पापड बायकांचे आहेत हे घराघरांत ठाऊक होतं, पण पाकिटानं त्याचं भांडवल केलं नाही.

मुलीच्या 'आजी'च्या सूचनेवर मी विचार करायला लागलो तो इथे. आजीचं चित्र असलेल्या पाकिटामागे आजी असेलच असं नाही. आपल्या या मिडवेस्टातच त्याचा नमुना आहे. मिनियापोलिसची पिठाची गिरणी, वॉशबर्न-क्रॉस्बी. १९२१ साली त्यांनी एक जाहिरात-कोडं छापलं, तर उत्तरांबरोबर केक-पाव बिघडल्याच्या शंकांची शेकडो पत्रं आली. कंपनीतल्या पुरुषांना वाटलं, भाजण्याच्या सल्ल्याखाली पुरुषाची सही शोभत नाही. मग त्यांनी एक बाई निर्माण केली, बेटी क्रॉकर. आडनाव कंपनीच्या एका निवृत्त संचालकाचं, आणि सही कंपनीतल्या एका कर्मचारी बाईच्या हस्ताक्षरातली. बेटीनं पुढे रेडिओवर कार्यक्रम केले, पाककृतींची पुस्तकं काढली, आणि ती कधी जन्मलीच नव्हती. पाकिटावर बाई असणं आणि पाकीट बाईचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या मसाल्यांच्या आणि पिठांच्या कपाटासमोर उभं राहून कधी हा हिशेब मांडून पाहा.

उलट्या बाजूचं उदाहरण माझ्याच धंद्यातलं आहे. स्टेफनी शर्ली. नाझी राजवटीतून पाच वर्षांची असताना, १९३९ साली, निर्वासित मुलांच्या गाडीनं इंग्लंडला आलेली. १९६२ साली तिनं सॉफ्टवेअरची कंपनी काढली, जेव्हा सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायची वस्तू आहे हेच लोकांना पटत नव्हतं. भांडवल सहा पौंड. घरी बसून काम करणाऱ्या, मुलांमुळे नोकरी सुटलेल्या बायका तिनं प्रोग्रॅमर म्हणून घेतल्या. कंपन्यांना तिनं पत्रं पाठवली, उत्तरं येईनात. नवरा म्हणाला, स्टेफनीऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. उत्तरं यायला लागली. फोन आला की ती मागे टंकलेखनाच्या आवाजाची टेप लावायची, म्हणजे मुलाचा आवाज ऐकू जाऊ नये आणि मोठं ऑफिस आहे असं वाटावं. याच बायकांनी काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठी प्रोग्रॅम लिहिले. आणि हे फक्त तेव्हाचं म्हणाल तर लॉस एंजेलिसच्या दोन तरुणींनी विचित्र, मजेदार कलावस्तूंचं 'विचसी' नावाचं ऑनलाइन दुकान काढलं, आणि पत्रव्यवहारासाठी एक काल्पनिक पुरुष भागीदार घडवला, 'कीथ मान'. कीथच्या पत्रांना उत्तरं लवकर आणि अदबीनं यायची. त्यांनी हे २०१७ साली उघड सांगितलं. स्टीव्ह आणि कीथ यांच्यात पन्नास वर्षांहून जास्त अंतर आहे. आणि आपण ज्या देशात राहतो तिथल्या काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज घ्यायचं तर घरच्या पुरुषाची सही लागायची. १९८८ सालच्या स्त्रियांच्या व्यवसाय-मालकीच्या कायद्यानं ते संपवलं. मी तेव्हा मिरजेत शाळेत होतो, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

शर्लीबाईंबद्दल वाचताना मी हसत होतो. मग हसू थांबलं. का ते सांगतो.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला सॉफ्टवेअरच्या चाचण्यांसाठी बाहेरची एक छोटी संस्था हवी होती. मंडळात आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांचे यजमान दंतवैद्य, आणि त्यांची स्वतःची अशा कामाची कंपनी, गोल्फ रोडपासून जवळच, दहा वर्षं चाललेली. मी त्यांना भेटायला गेलो. चाळीस मिनिटं त्यांनी मला काम समजावून दिलं, आकृत्या काढल्या, आमच्याच रचनेतली एक चूक दाखवली. निघताना मी विचारलं, "आणि टेक्निकल बाजू कोण बघतं?"

"मीच," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. ज्या सहजतेनं म्हणाल्या त्यावरून हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल ते आज कळतं.

शिफारस मी दुसऱ्या संस्थेची केली. साहेबांनी कारण विचारलं तर मी म्हणालो, "ही जरा मोठी वाटली." पुढे योगायोगानं समजलं की दोन्हीकडे माणसं सारखीच होती, अकरा-बारा. दुसऱ्या संस्थेचा मालक उंच होता आणि भरघोस हसायचा. त्या बाईंनी काम जास्त चांगलं केलं असतं असा माझा दावा नाही. असा प्रयोग एकदाच होतो, तुलनेला दुसरी बाजू मिळत नाही. पण 'वाटली' हा शब्द माझाच होता, आणि लेबलाच्या वादात तोच पुन्हा माझ्या तोंडून बाहेर पडला.

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुला ते चार वर्षांनी कळलं, तिला त्याच दिवशी कळलं असणार." आणि भाजणी चाळायला लागली.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्टही मी तिला त्याच वेळी सांगितली. चेतना सिन्हा यांनी माणदेशातल्या बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. सभासद बायका निरक्षर, कागदावर अंगठे. बायका रात्री बसून लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या. तिथे साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण हिशेब येतो. कुठलीही रक्कम सांगा, आम्ही व्याज काढतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. १९९७ साली बँक सुरू झाली. स्टॅनफर्डच्या बिअरला जे बक्षीस लागलं तेच हे. ते त्या बायकांनी टेबलावर मांडून दाखवलं. मला गोष्ट थोर वाटते. बायकोची प्रतिक्रिया वेगळी होती. "परीक्षा द्यायला माझी ना नाही," ती म्हणाली, "मीही दिलीच की. पण मिरजेच्या इलेक्ट्रिकवाल्यानं कुठली दिली होती?"

मग हिशेबाचा विषय निघालाच होता, तर मी वही घेतली. एक शनिवार: भाजणी आधीच तयार धरून, उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, गार करणं, डबे भरणं, ओटा आणि भिंत पुसणं, सगळं मिळून नऊ तास. माझं भांडी घासणं धरलेलं नाही. बारा पौंड चकली. दर पौंडाला १४ डॉलर, म्हणजे १६८. भाजणी, तेल, लोणी, डबे, लेबलं यांचे ५० वजा. राहिले ११८, तासाला तेरा डॉलर आणि थोडी चिल्लर. इलिनॉय राज्यातलं किमान वेतन १ जानेवारी २०२५ पासून तासाला १५ डॉलर आहे.

या १४ डॉलरलाही लोक घासाघीस करतात. "काकू, आपल्यातच आहे, बाराला द्या ना." "तुम्ही घरीच करता, भाडं थोडंच आहे?" "हौस आहे तुम्हाला, छान." यात पुरुष असतात तशा बायकाही असतात, अगदी स्वतः नोकरी करणाऱ्या, पगारवाढीसाठी साहेबांशी भांडणाऱ्या. त्याच ऑक्टोबरात एका माणसानं आमची पन्हळं साफ केली, दीड तास, पावणेदोनशे डॉलर. मी त्याला पाणी विचारलं, चेक दिला आणि वर थँक यू म्हणालो. तोही 'घरूनच' धंदा करतो, त्याचं ऑफिस म्हणजे त्याचा ट्रक. त्याला हौस आहे का असं मी विचारलं नाही.

'घरची चव' हे आपल्याकडे सगळ्यात मोठं कौतुक आहे. पण घरची चव म्हटलं की घरचाच भाव मागितला जातो, कारण घरी आईनं कधी बिल दिलं नाही. कौतुक खरं असतं, मी ते खोटं म्हणत नाही. त्याची पावती मात्र डॉलरमध्ये फाटत नाही. हिला काकू म्हटलेलं आवडतं, तेही नोंदवून ठेवतो. तिची तक्रार काकू म्हणून वर दोन डॉलर कमी देण्याबद्दल आहे.

शेवटी लेबल झालं. आडनाव नाही, आजी नाही, नथ नाही. तिचं स्वतःचं नाव, खाली शॉमबर्ग, नोंदणी क्रमांक, आणि घटक पदार्थांची यादी. तीत ओव्याच्या इंग्रजी नावावरून आमच्या घरी आणखी एक वाद झाला, तो इथे नको. भावही तिनं ठरवला, चकली १७ डॉलर पौंड. मी म्हणालो, एकदम तीन डॉलर जास्त होतात. तिनं माझ्याच वहीतलं पान उलटून पुढे ठेवलं: २०४ वजा ५०, भागिले ९. सतरा डॉलर. तरीही पन्हळंवाला पुष्कळ पुढे होता.

दिवाळीला जुन्या गिऱ्हाइकांपैकी चार घरांनी ऑर्डर दिली नाही. त्यातल्या एकीनं मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलंही, की तुमचं आता फार कमर्शियल झालं. नवी सहा घरं आली. लेबलामुळे की गेल्या वर्षीच्या अनारशांमुळे, हे मला सांगता येणार नाही. एके संध्याकाळी फोन वाजला, हिचे हात पिठात, म्हणून मी घेतला. पलीकडे एक गृहस्थ होते, नेपरव्हिलचे. माझा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. "हां, साहेब, मालक बोलताय का? जरा भावाचं बोलायचं होतं."

"मालक भट्टीवर आहेत," मी म्हणालो, "देतो." आणि फोन तिच्या कानाला धरून उभा राहिलो.